नळीखालची अक्षता

“आई, बेसमेंटमधली ती गन मी आजच दुकानात देऊन टाकतो. विकली गेली तर ठीक, नाहीतर ठेवून घ्या म्हणतो. घरात नको ती.”

मी तळघराच्या जिन्यात होते, हातात रिकाम्या कपांचा ट्रे. वरच्या स्वयंपाकघरातून निखिलचा आवाज स्वच्छ येत होता. मग शैलाकाकूंचा आवाज, “बघ बाबा. तुला योग्य वाटेल ते कर. मला त्यातलं काय कळतंय?”

दिगंबरकाकांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, पार पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने तो परत जाणार होता आणि त्याआधी उरकतील तेवढी कामं उरकत होता. इन्शुरन्स, गाडीच्या कागदांवरचं नाव, फोनचं कनेक्शन. त्या यादीत रायफलही होती, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ती एक धोकादायक वस्तू होती, एकट्या आईच्या घरात नको असलेली. मला मात्र ती माहीत होती. तिचा कुठला स्क्रू कधी आणि किती आवळला हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आणि ती मला हवी आहे, हे मी तीन आठवड्यांत कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी वर गेले. ट्रे ओट्यावर ठेवला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “काकू, अजून चहा टाकू?”

बोलायच्या वेळी मी हे असं करते. पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बारा वर्षं मी हात वर न करता काढली. उत्तर माहीत असायचं, पण वर्गभर नजरा वळतील त्यापेक्षा ते पोटात राहिलेलं बरं वाटायचं. नोकरीसाठी ओहायोतल्या डब्लिनला आले तेव्हा काका-काकूंच्या घरातली वरची खोली आठ महिने भाड्याने घेतली होती. पुढे दहा मिनिटांवर स्वतःचं अपार्टमेंट घेतलं, तरी शनिवार त्यांच्याकडेच राहिला. काका मूळचे सांगलीचे, इथे चाळीस वर्षं पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर त्यांचं बोलणं ऐकायला कारखान्यातली माणसं उरली नव्हती, आणि मला बोलायचं नव्हतं. आमचं जमलं.

ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्यूटवर. मी नेहमीच म्यूटवर असते. फोन थरथरला. काकू म्हणाल्या, “केतकी, ये गं. हे मेथीच्या वाफ्यात पडलेत, उठत नाहीयेत...” मी पोचेपर्यंत त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं आणि तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी परत आलो तेव्हा वाफ्यात पाइप तसाच चालू होता आणि मेथीत घोटाभर पाणी साचलं होतं.

पण मला त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही. मला त्याच मेथीपासून जे सुरू झालं त्याबद्दल लिहायचं आहे, कारण माझ्या आयुष्यात इतकं मजेचं दुसरं काही घडलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या वसंतात हरणांनी काकांची मेथी खाल्ली. पहिल्यांदा नव्हे, पण मुळापासून पहिल्यांदाच. काकांनी कुंपणाला साबणाच्या वड्या बांधल्या. सलूनमधून केस आणून वाफ्याभोवती पसरले. शेवटी अंगणात रेडिओ ठेवून त्यावर कीर्तन लावलं. सकाळी उठून पाहिलं तर हरणांनी कीर्तन ऐकत ऐकत भेंडीची रोपंही संपवली होती. समोरच्या घरातला डेल हा काकांच्याच वयाचा, आयुष्यभर शिकार केलेला माणूस. त्याचं तासाभराच्या अंतरावर मोठं रान आहे. काकांना तो डिग म्हणायचा. तो हसत हसत म्हणाला, “डिग, रायफल घे आणि नोव्हेंबरात माझ्या रानात ये.”

“तिथलं हरीण मारून इथली मेथी कशी वाचणार?” काकूंनी विचारलं.

 पण तोवर मेथी मागे पडली होती आणि रायफल पुढे आली होती. काकूंनी मग हुकूम काढला. रायफल, दुर्बीण, गोळ्या, पेटी, सगळं मिळून हजार डॉलर, वर एक सेंट नाही. आणि दुसरी अट... ज्याच्याशिवाय बंदूक चालणारच नाही असा एक भाग कायम काकूंच्या ताब्यात राहील.

मला वाटलं काका खट्टू होतील. ते खूश झाले. “बघ केतकी, पैसे भरपूर असले की माणूस दुकानदाराचं ऐकतो. कमी असले की डोकं वापरतो. वही आण.”

वही हे माझं काम ठरलं. त्याला एक कारण होतं. मी व्हिसावर. माझ्यासारखीला शिकारीचं लायसन्स असल्याशिवाय इथे बंदूक बाळगता येत नाही, हे काकांनी कुठून तरी वाचून काढलं आणि मग दोन ठिकाणी फोन करून खात्री करून घेतली. मी शिकारीचा सुरक्षा-कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि तोपर्यंत रायफलला बोटसुद्धा लावायचं नाही. “हात मागे!” हे त्या दोन महिन्यांतलं त्यांचं माझ्याशी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य. नोंदी मराठीत लिहायच्या, असंही त्यांनीच ठरवलं. “म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर शेजारच्या बाकावरच्या माणसाने डोकावलं तरी आपलं गुपित फुटणार नाही.” माझं मराठी अक्षर तेव्हा दुसरीतल्या मुलासारखं होतं. आज हा लेख लिहू शकते आहे तो त्या वहीमुळे.

आम्ही तीन शनिवार दुकानं फिरलो. विक्रेते चकचकीत नव्या रायफली पुढे करायचे आणि काका मागच्या जुन्या रॅककडे जायचे. ओहायोत हरणासाठी कुठलीही रायफल चालत नाही, सरळ नळकांड्यासारखं काडतूस लागणारीच चालते. तिची गोळी फार लांबवर कामाची नसते. काकांना हा नियम फार आवडला. “दीडशे यार्डांपलीकडे मारायचंच नाही, मग चंद्र बघायची दुर्बीण हवी कशाला? वाचले की पैसे!” शेवटी त्यांनी निवडली ती कोणाची तरी वापरलेली, नळीखालपर्यंत आलेल्या लाकडी दस्त्यावर हातभर ओरखडा असलेली. ओरखड्यामुळे किंमत उतरली होती. “दस्ता सुंदर दिसल्याने गोळी सरळ जात नाही,” ते म्हणाले. मग परवानगी घेऊन त्यांनी टॉर्चने नळी आतून पाहिली आणि खिशातून एक डॉलरची नोट काढली. नोटेची घडी करून ती नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत सरकवली. नोट पुढून मागेपर्यंत न अडता गेली. विक्रेता बघत राहिला.

“नळी कशालाही टेकता कामा नये,” काका माझ्याकडे वळून म्हणाले. “गोळी सुटताना ती थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली पाहिजे. मध्ये काही टेकलं की संपलं.” मी लिहिलं, ‘नोट सरळ गेली.’

पैसा कुठे खर्च करायचा याचा त्यांचा हिशेब दुकानदारांच्या उलटा होता. रायफल जुनी, दुर्बीण साधी पण काच स्वच्छ असलेली, आणि दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या दोन कड्या मात्र सगळ्यात चांगल्या. “नेम दुर्बिणीत दिसतो, पण दुर्बिणीला धरतात कड्या. लोक नेमके तिथे पैसे वाचवतात आणि मग वर्षभर स्वतःच्या डोळ्यांना शिव्या देतात.” कड्या बसवायला त्यांनी तळघरात एक सबंध दुपार घेतली. स्क्रू आवळायला मोजमाप दाखवणारा पाना मित्राकडून मागून आणला. मी शेजारी हात मागे बांधून उभी. “किती आवळायचं हे हाताला विचारायचं नाही, पान्याला विचारायचं. हात खोटं बोलतो.” जे पैसे उरले ते सगळे गोळ्यांसाठी. भारी रायफल घेऊन वर्षात पाच गोळ्या मारणाऱ्यापेक्षा ओरखड्याची रायफल घेऊन दोनशे मारणारा माणूस चांगला, हे त्यांचं ठाम मत.

आणि काकूंची अट? रायफलीत गोळी आत ढकलून मागून दार लावणारा जो लोखंडी दांडा असतो, तो बोल्ट. तो काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. काकांनी तो तेल लावून, फडक्यात गुंडाळून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो भडंगाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा मसाल्यांच्या कपाटात सगळ्यात वर ठेवला. दर शनिवारी काका डब्याखाली उभे राहून म्हणायचे, “सरकार, द्या.” काकू कधी चटकन द्यायच्या, कधी आधी भाजी निवडून घ्यायच्या.

पहिल्यांदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. लोक लांबलचक बाकांवर शांत बसलेले, सगळ्यांच्या कानांवर मोठे मफ, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि बोलावं अशी कोणाची अपेक्षाही नाही. मला वाटलं, अशी जागा जगात आहे आणि मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही! काकांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, बोल्ट काढला आणि म्हणाले, “ये. हात मागे. आता मागच्या बाजूने नळीतून बघ.” मी पाठीमागे हात धरून, एखाद्या बगळ्यासारखी वाकून पाहिलं. नळीच्या काळ्या बोगद्याच्या टोकाशी लक्ष्याचा लाल ठिपका, एवढासा, चमकणारा... “दिसतोय? बरोबर मध्ये? मग आता काहीही न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणायची. अशाने पहिलीच गोळी कागदावर लागते. नाहीतर लोक अर्धा डबा हवेत घालवतात.” पहिली गोळी खरोखरच कागदावर लागली, चार इंच खाली. काका बाकावरून अर्धे उठले. मी लिहिलं, ‘पहिली. कागदावर!!’ वहीत एवढी दोनच उद्गारचिन्हं शेजारी शेजारी आहेत.

त्यांनी तीन प्रकारच्या गोळ्यांचा एकेक डबा घेतला होता. प्रत्येकाच्या तीन गोळ्या, मग नळी थंड होईपर्यंत थांबायचं, आणि त्या वेळात भडंग खायचा. पुन्हा तीन. मी भोकांमधली अंतरं मोजायची. तिसऱ्या फेरीला सगळ्यात स्वस्त डब्यातल्या तीन गोळ्या अशा जवळ लागल्या, की तिन्ही भोकं पंचवीस सेंटच्या एका नाण्याखाली झाकली गेली. काकांनी नाणं ठेवलं, उचललं, परत ठेवलं. “सगळ्यात स्वस्त! केतकी, सगळ्यात स्वस्त! हिला भारी खाणं मानवतच नाही, अस्सल सांगलीची दिसते!” त्याच दिवशी आम्ही त्याच गोळ्यांचे, एकाच लॉटचे सात डबे घेतले. बजेटमध्ये अकरा डॉलर उरले. काकांनी काकूंना त्याचं आइस्क्रीम आणलं.

माझं लायसन्स आल्यावर मीही मारायला लागले. रेंजवरचा एक नियम काका मला दर वेळी म्हणून दाखवायला लावायचे. काहीही धोक्याचं दिसलं तर तिथे कोणीही ‘सीज फायर’ म्हणून ओरडू शकतं, आणि सगळ्यांना थांबावंच लागतं. “कोण ओरडू शकतं?” “कोणीही.” “तू?” “हो.” “एकदा ओरडून दाखव बरं, गाडीत.” मी ओरडत नसे. ते हसायचे. “मुलाखतीत नोकरी कशी मिळाली गं तुला?”

मग दसरा आला. काकूंच्या घरी खंडेनवमी आणि दसऱ्याची पूजा एकत्रच असते. पाटावर काकांचं मोजमापाचं व्हर्निअर, काकूंचा मिक्सर, माझा लॅपटॉप, आणि मध्यभागी झेंडूची माळ घातलेली रायफल. शेजारी डब्यातून काढलेला बोल्ट. आपट्याऐवजी अंगणातल्या रेडबडच्या झाडाची तशीच दिसणारी पानं. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं आणि डोळे मिटून अक्षता टाकल्या. कुंकवात ओल्या केलेल्या अक्षता होत्या. त्यातला एक लाल दाणा नळीवर पडला, घरंगळला, आणि नळी आणि दस्ता यांच्या मधल्या फटीत गेला. मी पाहिलं. तोंड उघडलंही... पण काकूंचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. पूजेत काहीतरी चुकलं असं मी कसं म्हणणार? पडला असेल बाहेर, असं स्वतःला सांगून मी पानं वाटायला लागले.

त्यानंतरच्या शनिवारी रायफलचं डोकं फिरलं. जी तीन गोळ्या नाण्याखाली ठेवत होती, ती आता चार-पाच इंच भरकटायला लागली, आणि तीही एका दिशेला नाही. काकांचा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी कड्यांचे स्क्रू तपासले. ठीक. दस्त्याचे स्क्रू. ठीक. दुसरा डबा उघडला. तेच. मला मारायला लावलं. तेच, पण मी नवशिकी. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या शनिवारपर्यंत दीड डबा संपला होता आणि डेलच्या रानात जायला थोडेच आठवडे उरले होते. मी सगळं वहीत लिहीत होते आणि एकच गोष्ट लिहीत नव्हते.

त्या तिसऱ्या शनिवारी काकांनी कानांवरचे मफ काढून बाकावर ठेवले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. “रायफल बरोबर आहे, केतकी. माझे डोळे गेलेत. हातही हलतो बहुतेक... कारखान्यात मी दुसऱ्यांच्या हातांना नावं ठेवायचो. डेलला कळवून टाकतो, नाही जमत म्हणून.”

त्यांना मी कधी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.  पेन हातात होतं. मी वहीत लिहिलं, ‘दसऱ्याला एक अक्षता नळीखाली गेली. मी पाहिली होती.’ आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी वाचलं. चष्मा घालून परत वाचलं. मग खिशातून डॉलरची नोट काढली, घडी केली आणि फटीत सरकवली. नोट मध्यावर अडली. काका माझ्याकडे बघतच राहिले. वहीच्या पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी कापून त्यांनी फटीतून ओढली आणि बाकावर एक लाल तांदळाचा दाणा पडला.

ते इतक्या मोठ्याने हसले की ओळीतल्या चार-पाच जणांनी मफ उचलून पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या दाढीवाल्या माणसाने विचारलं, काय सापडलं? “होली राइस!” काका म्हणाले. “माय वाइफ ब्लेस्ड द रायफल, अँड द ब्लेसिंग गॉट स्टक!” तो माणूस दाणा हातात घेऊन बघत बसला. मग काकांनी तीन गोळ्या मारल्या. मी नाणं घेऊन पळत गेले... म्हणजे आधी सगळ्यांची थांबायची वेळ झाली, मग पळत गेले. तिन्ही भोकं नाण्याखाली. मी तिथूनच नाणं वर करून दाखवलं आणि पासष्टी ओलांडलेले काका बाकापाशी दोन्ही हात वर करून नाचत होते.

गाडीत मात्र बोलणी बसली. “तीन आठवडे! तीन आठवडे तुला माहीत होतं?”

“काकूंना वाईट वाटलं असतं.”

“आणि मला म्हातारा झालेला बघून तुला बरं वाटत होतं?”  सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, “रेंजवर सीज फायर कोण म्हणू शकतं?”

“कोणीही.”

“घरीपण तसंच असतं, पोरी.”

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, हातवारे करून, दाण्यासकट. काकूंना अजिबात वाईट वाटलं नाही. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “म्हणजे आता शस्त्राला अक्षताही वाहायच्या नाहीत का?”

“वाहा की. फक्त लांबून वाहा.”

नोव्हेंबरच्या शेवटी, हरणांचा बंदुकीचा सीझन उघडला त्या आठवड्यात, आम्ही डेलच्या रानात एका ओकच्या झाडाला टेकून बसलो. अंगात नियमाप्रमाणे भडक नारिंगी जाकिटं, “दोघं झेंडूच्या माळेसारखे दिसतोय,” असं काका कुजबुजले आणि मग तीन तास बोलले नाहीत. मला तर तेच हवं होतं. पाय बधिर झाले, नाक लाल झालं, आणि मग पानं वाजली. एक मादी झाडांमधून बाहेर आली, सत्तर पावलांवर, आडवी उभी राहिली.  काकांनी गुडघ्यावर कोपर टेकलं, श्वास सोडला... एकच आवाज. ती तीसेक पावलं पळाली आणि पडली. जवळ गेलो तेव्हा काकांनी टोपी काढली. मग ते माझा खांदा हलवत म्हणाले, “वही! वही काढ! वेळ लिही!” मी लिहिलं. ‘सकाळी नऊ वाजून दहा. एक गोळी.’ अक्षर पार वेडंवाकडं आहे. काकूंनी त्या मटणाचा सांगलीच्या मसाल्यात खिमा केला. शनिवार होता म्हणून त्यांनी स्वतः दुसऱ्या दिवशी खाल्ला आणि म्हणाल्या, “माझीच मेथी आहे ही, फिरून आलेली.”

शेवटचं भेटणं झालं ते त्यांच्या जाण्याआधीच्या शनिवारी, तळघरात. ते नळीला तेलाचं फडकं फिरवत होते. म्हणाले, “यंदा वही माझ्याकडे. रायफल तुझ्याकडे.” मी मान डोलावली. त्यांना हो म्हणायला हवं होतं, मोठ्याने. राहून गेलं.

तर त्या दुपारी, मी तिसऱ्यांदा केलेला चहा पिऊन झाल्यावर, निखिलने तळघरातून पेटी वर आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. काकांच्या ड्रॉवरमधली किल्ली लावली. झाकण उघडताच त्या तेलाचा वास आला. ओट्यापाशी काकू पाठमोऱ्या कप विसळत होत्या. निखिलने रायफल छत्री उचलावी तशी एका हाताने उचलली, आणि तिचं तोंड फिरत फिरत काकूंच्या पाठीकडे जायला लागलं.

“थांब!”

भांडी वाजावीत इतक्या मोठ्याने मी ओरडले होते. निखिल जागच्या जागी थिजला. “अगं, रिकामी आहे ना ती?” तो म्हणाला. मी पुढे होऊन रायफल त्याच्या हातातून घेतली, तोंड भिंतीकडे केलं, जिथे बोल्ट असायचा ती मोकळी जागा बोटाने चाचपली, आणि ती सावकाश पेटीत ठेवली.  निखिल माझ्याकडे, रायफलीकडे, परत माझ्याकडे बघत होता. “तुला... येतं हे सगळं?” मी मान डोलावली. त्याने पेटीत पाहिलं. “हिचा एक पार्ट नाहीये. दुकानात विचारतील. आई, तुला माहितीये कुठे आहे?”

काकूंनी हात पुसले. स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, मसाल्यांच्या कपाटातून भडंगाचा डबा काढला आणि खाली उतरून तो पोटाशी धरून उभ्या राहिल्या. दर शनिवारी तो डबा त्यांच्याकडून कोण मागून घ्यायचं, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यांनी निखिलकडे पाहिलं नाही.

“हे मी कोणाला देऊ?” त्यांनी विचारलं.

“मला द्या, काकू,” मी म्हणाले. “मला हवी आहे ती. आज निखिलबरोबर दुकानात जाऊन माझ्या नावावर कागद करून घेते. डबा इथेच राहू दे, मी दर शनिवारी मागायला येईन. यंदा आपल्याकडे सण नाही, पण पुढच्या दसऱ्याला तिला पूजेला घेऊन येते... अक्षता मात्र तुम्ही लांबून वाहा.”